मुलांनी विचारायची रात्र

(विहाराच्या वर्षावास व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा मजकूर)

 

समितीने आम्हाला विषय दिला होता, ‘आपले सण आणि आपले कुटुंब’. आम्ही चिटणीसांना सांगितले की आम्ही यहुदी लोकांच्या सणावर बोलू. ते म्हणाले, “दादा, विहारात ज्यू लोकांचं काय काढताय?” आम्ही म्हटले, ऐकून घ्या, मग काय ते बोला. आम्ही काही शिकलेले वक्ते नाही. आमची शाळा लवकर सुटली, पुढचे जे काही वाचन झाले ते रातपाळी करून सार्वजनिक वाचनालयात झाले. तेव्हा चूकभूल पदरात घ्यावी.

यहुदी म्हटले की आपल्याला परदेशातले गोरे लोक आठवतात. पण आपल्या रायगड जिल्ह्यात, म्हणजे पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यात, ज्या जिल्ह्यात महाडचे चवदार तळे आहे त्याच जिल्ह्यात, कित्येक शतके यहुदी राहात आले. त्यांना बेने इस्रायल म्हणतात. त्यांची परंपरा सांगते की फार पूर्वी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर त्यांच्या पूर्वजांचे गलबत फुटले, सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या आणि त्यांची धर्माची पुस्तके समुद्रात गेली. पुढे ते गावोगाव तेलाचे घाणे चालवू लागले. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणू लागले. दिव्याचे दिवेकर, पेणचे पेणकर, केहीमचे केहीमकर अशी आडनावे पडली. घरची भाषा मराठी. सिनेगॉगला पूर्वी ते मशीदच म्हणत. मुंबईतले त्यांचे पहिले सिनेगॉग सॅम्युएल दिवेकर यांनी १७९६ साली स्थापले, ते आजही मस्जिद बंदरच्या बाजूला आहे.

आमच्या मिलच्या मेकॅनिक खात्यात असेच एक बेने इस्रायल फिटर होते. सगळे त्यांना काका म्हणत. हाताला गुण असा की अडलेला साचा त्यांनी नुसता कान लावून ऐकला तरी कुठे बिघाड आहे ते सांगायचे. राहायला सात रस्त्याकडे. युनियनच्या मीटिंगला यायचे, बोलायचे कमी.

सन १९९५ सालची गोष्ट. आम्ही तेव्हा पंचविशीच्या पुढचे, जयंतीच्या वर्गणीत आणि मिरवणुकीत आकंठ बुडालेले. एप्रिलच्या सुरुवातीला काका म्हणाले, “यंदा तुमची जयंती आणि आमचा सण एका दिवशी. चौदा तारखेच्या रात्री जेवायला ये.” आम्ही म्हटले, चौदा तारखेला आम्हाला मरायलासुद्धा वेळ नाही! ते हसले. “मग पंधराला ये. इस्रायल देशाबाहेर आम्ही ही रात्र दोनदा करतो.” त्यांचे महिने चंद्रावर चालतात, दिवस सूर्य मावळल्यावर सुरू होतो, आणि हा सण नेहमी पौर्णिमेलाच येतो. त्या वर्षी ती चैत्र पौर्णिमा होती. आम्ही विहारातली वंदना आटोपून, पांढरा सदरा तसाच अंगावर, सात रस्त्याला गेलो.

या सणाचे नाव पेसाह. मराठी बायबलात त्याला वल्हांडण म्हटले आहे. पण बेने इस्रायलींचे जुने मराठी नाव आम्हाला जास्त आवडले. ते म्हणत ‘अनाशी ढाकाचा सण’. अनास म्हणजे आंबट कालवणाचे मडके. हे आठ दिवस आंबलेला पदार्थ खायचा नाही, म्हणून ते मडके झाकून ठेवायचे. पुस्तके समुद्रात गेली, हिब्रू विसरली, का झाकायचे तेही कदाचित धड आठवेना, पण बायांनी मडके झाकणे सोडले नाही. पुरुषांच्या हातातला धर्म बुडाला तरी चुलीजवळचा राहिला, असा आम्ही त्याचा अर्थ लावतो. त्यांच्या इतर सणांचीही अशीच नावे आहेत. उपासाचा मोठा सण तो ‘दारफाळणीचा सण’, आणि पुरीम नावाचा धमालीचा सण फाल्गुनाच्या सुमारास येतो म्हणून तो ‘होळीचा सण’.

सणाची तयारी आधीपासून चालू. घराला चुना, तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई. गव्हाच्या पिठाचे आंबवलेले काही घरात ठेवायचे नाही. पाव, नानकटाई, बिस्कीट सगळे बाहेर. आदल्या रात्री मेणबत्ती घेऊन घरभर कोपरे तपासतात, तुकडा सापडला तर सकाळी जाळतात. युरोपातले यहुदी या दिवसांत भातही खात नाहीत. आमच्या काकींनी मात्र सांगितले, “भाताशिवाय आम्ही कोकणातली माणसं जगू का?” त्यांच्यात तांदूळ चालतो. पावाऐवजी बेखमीर भाकर, तिला मात्सा म्हणतात. पीठ भिजवल्यापासून भाजून निघेपर्यंत अठरा मिनिटांच्या आत व्हायला पाहिजे, नाहीतर पीठ आंबायला लागले असे धरतात. आम्हा मिलवाल्यांना घड्याळावर काम करणे नवे नाही, पण भाकरीला घड्याळ लावलेले पहिल्यांदा ऐकले.

का, तर गोष्ट अशी. मिसर देशात फारो राजाने या लोकांना गुलाम केले. विटा पाडायच्या, शहरे बांधायची. लोक कुरकुरले तेव्हा राजाने हुकूम काढला की विटांसाठी लागणारा भुसा यापुढे मिळणार नाही, तुमचा तुम्ही गोळा करा, आणि विटांची संख्या मात्र तितकीच राहील. हे ऐकताना आम्हाला आमचे खाते आठवले. सूत खराब, कापड मात्र तेवढेच पाहिजे! त्याच्याही आधी फारोने नवे जन्मलेले मुलगे मारण्याचा हुकूम केला होता. तो पहिल्यांदा मोडला कोणी? शिफ्रा आणि पुवा या दोन सुइणींनी. भगिनींनो, ही नावे ध्यानात ठेवा. मोशे नंतर आला, आधी या दोघी. पुढे मोशेने लोकांना बाहेर काढले. निघण्याची इतकी घाई की भिजवलेले पीठ फुगायला वेळ मिळाला नाही, तसेच भाजून घेतले. म्हणून ती भाकर.

आम्ही देव-चमत्कार मानीत नाही. बावीस प्रतिज्ञा घेतलेली आम्ही माणसे. दहा संकटे आली, समुद्र दुभंगला, हे आम्ही स्वीकारत नाही. मिसरच्या शिलालेखांतही या सुटकेची नोंद मिळालेली नाही. पण आम्ही त्या रात्री चमत्कार बघायला गेलोच नव्हतो. त्या घरात काय चालते ते बघायला गेलो होतो, आणि ते असे होते.

टेबलावर पांढरी चादर. मधल्या ताटात बकऱ्याच्या पायाचे भाजलेले हाड, उकडलेले अंडे, हिरवा पाला, कडू पाला, खजूर शिजवून गाळून केलेला काळपट दाट पाक. शेजारी मिठाचे पाणी. दारूऐवजी काळ्या मनुका भिजवून त्यांचे सरबत. सगळ्यांच्या पाठीला उशा. काकांचे म्हातारे सासरे डाव्या कुशीवर टेकून बसलेले. आम्हाला वाटले तब्येत बरी नसेल. काका म्हणाले, “नाही रे, आज टेकूनच बसायचं. गुलामाला टेकून बसायची सोय नसते.” बांधवांनो, आम्ही गप्प झालो. आमच्या आजोबांना गावात पाटलापुढे खाटेवर बसता येत नव्हते, हे आम्ही कुठून तरी ऐकलेले. घरात कोणी सांगितले नव्हते.

मग सगळ्यांत धाकट्या मुलाने, सात-आठ वर्षांचा असेल, चार प्रश्न विचारले. ही रात्र इतर रात्रींसारखी का नाही, आज बेखमीर भाकरच का? आज कडूच पाला का? दोनदा बुडवून का खायचे? टेकून का बसायचे? हे प्रश्न ठरलेले आहेत, पोराला पाठ करून घेतात. आपण म्हणू, पाठ केलेला प्रश्न कसला? पण युक्ती पुढे आहे. एकदा विचारायची परवानगी मिळाली की पोर थांबत नाही. त्याने मध्येच विचारले, “फारोला पोलीस होते का?” कोणी रागावले नाही. म्हाताऱ्याने पुस्तक खाली ठेवून त्याला उत्तर दिले.

उत्तराचे जे पुस्तक असते त्याला हग्गादा म्हणतात. हे मराठीत १८४६ सालीच मुंबईत छापले गेले, हिब्रू आणि मराठी दोन्ही. १८७४ साली पुण्यात चित्रांसहित निघाले, त्यात साडी नेसलेल्या बाया जमिनीवर बसून मात्सा करताना दाखवल्या आहेत. त्या पुस्तकातली एक गोष्ट आमच्या डोक्यात तीस वर्षे बसली आहे. तिथे ‘आमचे पूर्वज गुलाम होते’ एवढ्यावर भागत नाही. टेबलाभोवतीचा प्रत्येक माणूस, तो दुकानदार असो, डॉक्टर असो, त्याने असेच समजायचे की मी स्वतः त्या देशातून बाहेर पडलो. बोलणारा ‘आम्ही’ म्हणतो.

त्यात चार मुलग्यांचे वर्णन येते. एक शहाणा, एक वाईट, एक भोळा, आणि एक ज्याला प्रश्नच विचारता येत नाही. वाईट कोणाला म्हटले आहे बघा. चोरी करणाऱ्याला नाही, दारू पिणाऱ्याला नाही. जो म्हणतो, हे तुमचे काय चालले आहे, त्याला. ‘आपले’ न म्हणता ‘तुमचे’ म्हणतो, एवढाच त्याचा गुन्हा. आपल्या वस्तीतली शिकलेली काही मुले इंग्रजी कंपनीत लागली की म्हणतात, “पप्पा, तुमची ती जयंती कधी आहे? मला लीव्ह टाकता येते का बघतो.” आम्ही कोणाचे नाव घेत नाही. आमच्या घरातही असे म्हणणारा आहे.

जो विचारीतच नाही त्याच्यासाठी पुस्तकाचे म्हणणे असे की त्याला दोष देऊ नका, तुम्हीच बोलायला सुरुवात करा.

दहा संकटांची नावे घेताना एकेका नावाला पेल्यातला एकेक थेंब सांडतात. काकींनी सांगितले, शत्रू मेला तरी माणूसच मेला, म्हणून आपला आनंदाचा पेला तेवढा कमी करायचा. हे आम्हाला भगवंताच्या जवळचे वाटले. मग कडू पाला खजुराच्या पाकात बुडवून खाल्ला. तो पाक म्हणजे विटांचा चिखल, पण गोड. आमच्या डोळ्यांत पाणी आले, पाला खरोखर कडू होता. नंतर जेवण. नारळाच्या दुधातले मटण आणि भात. मांसाबरोबर गाईम्हशीचे दूध चालत नाही म्हणून नारळाचे, आणि कोकणात नारळाला काय तोटा? जेवणाआधी कोणीही भुकेला असेल त्याने आत यावे असे आमंत्रण म्हणायची रीत आहे. काकांनी ते म्हणताना आमच्याकडे बघितले.

भाकरीचा अर्धा तुकडा लपवायचा आणि मुलांनी शोधला तर बक्षीस, अशी रीत पुष्कळ देशांत आहे. कारण उघड आहे, पोरे जागी राहिली पाहिजेत. बगदादहून आलेल्या यहुद्यांत, ज्यांच्यातल्या ससून घराण्याच्या मुंबईत मिला होत्या, एक मूल भाकरीचे गाठोडे खांद्यावर टाकून येते. त्याला विचारतात, कुठून आलास? तो म्हणतो मिसरहून. कुठे चाललास? जेरुसलेमला. आपल्या कलापथकाने ‘जलसा’ करावा तसे, पण घरातल्या घरात, मंडप नाही, लाऊडस्पीकर नाही.

आता दुसरी बाजू न सांगता पुढे गेलो तर ते खोटे बोलणे होईल. आम्ही काकांना जेवणानंतर विचारले, तुमच्यात गोरे इस्रायल आणि काळे इस्रायल असा भेद होता म्हणतात, ते खरे का? आई दुसऱ्या समाजातली असलेल्यांच्या वंशाला काळे म्हणत. त्यांच्याशी लग्नसंबंध नव्हता, एका भांड्यात जेवण नव्हते. काका खाली बघून म्हणाले, “होतं ते. खोटं कशाला बोलू? या गावच्या पाण्याचा गुण.” कोचीनला तर याहून वाईट. तिथल्या परदेशी म्हणवणाऱ्या यहुद्यांनी स्वतः गुलाम ठेवले होते, आणि मुक्त केलेल्या त्या गुलामांच्या वंशजांना सिनेगॉगमध्ये बरोबरीची जागा नव्हती, पायरीवर बसावे लागे. दर वर्षी गुलामीतून सुटल्याची गोष्ट सांगणारे हेच लोक! त्यांच्यातूनच ए. बी. सालेम नावाचे वकील निघाले. त्यांनी सिनेगॉगमध्येच सत्याग्रह केला आणि हळूहळू ती बंदी मोडली. आपल्या काळारामाची आठवण येते की नाही? आणि पुढे बेने इस्रायल हजारोंनी इस्रायलला गेले तेव्हा तिथल्या मुख्य धर्मगुरूंनी यांच्या लग्नाच्या वेळी यांची कुळी तपासावी असा आदेश काढला. म्हणजे जे यांनी काळ्यांशी केले तेच यांच्या वाट्याला आले. ते जेरुसलेमला धरणे धरून बसले, आणि १९६४ साली तिथल्या संसदेला जाहीर करावे लागले की हे सर्व बाबतीत बरोबरीचे यहुदी आहेत.

मागच्या बाकावरून एक तरुण खूण करतो आहे, त्याचा प्रश्न आम्हाला माहीत आहे. पॅलेस्टाईनच्या माणसांचे काय? बाळ, तुझा प्रश्न रास्त आहे. तिकडच्या काही यहुदी घरांतच या रात्री मुले हा प्रश्न विचारतात आणि आई-बापांना उत्तर देताना अवघड जाते. म्हणून तर विचारायचे.

बाबासाहेबांनी आपल्यावरच्या एका लिखाणाला जे नाव दिले त्यात ‘घेट्टो’ हा शब्द आहे. १५१६ साली व्हेनिस शहरात यहुद्यांना कोंडून ठेवले त्या वस्तीचे ते नाव. तेव्हा हे लोक आपल्याला अगदीच परके नाहीत.

आता घरचे सांगतो आणि संपवतो.

त्या रात्री आम्ही चालत घरी आलो आणि ठरवले की येत्या १४ ऑक्टोबरला आपणही असे करायचे. नागपूरला गाडीने जाणे होवो न होवो, रात्री घरात बसायचे, पोरांनी विचारायचे आणि आपल्या आईने सांगायचे. आमची आई सातारा जिल्ह्यातली, तिचे वडील गावचे येसकर. १९५७ साली त्यांच्या गावात धम्मदीक्षा झाली तेव्हा ती अकरा वर्षांची. तिच्याजवळ सगळे होते, फक्त तिने कधी काढले नव्हते.

चौदा तारीख आली. बुद्धवंदना झाली. आम्ही शहाणपणा करून आमच्या बायकोला सांगितले होते की सकाळची एक जोंधळ्याची भाकरी ठेव, शिळी, प्रत्येकाला एक तुकडा देऊ, तो आपला कडू पाला. आईने ताटात ती भाकरी बघितली आणि ताट सरकवले. “कशाला रं हे? शिळं पोरांच्या ताटात वाढू नगंस. ते खाऊन संपिवलंय आम्ही.” आणि उठून गॅलरीत गेली. पोरे घाबरली. बायकोने भाकरी उचलली. त्या वर्षी काहीच झाले नाही. आम्ही आईवर मनातून रागावलो होतो, हे कबूल करतो. नंतर कळले, चूक आमची होती. यहुद्यांनी कडू पाला शेकडो वर्षांनंतर ताटात ठेवला आहे. आईच्या तोंडाची चव अजून गेली नव्हती.

पुढच्या वर्षी भाकरी नाही, काही नाही. गोडाची खीर केली, सगळे खाली बसलो, आईला मात्र पाठीला लोड दिला. ती म्हणाली, मला कशाला? आम्ही म्हटले, टेक. टेकली. आमची मुलगी तेव्हा सहा वर्षांची. तिला आम्ही काही पढवले नव्हते. तिने विचारले, “आजी, तू शाळेत का नाही गेलीस?”

आई बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, शाळेच्या वक्ताला बापासंगं भाकरी मागाया जायाची मी. सांजच्याला घरोघर. टोपली माझ्या डोक्यावर. बाप पुढं काठी आपटीत जायचा, काठीला घुंगरू, म्हंजी लोकांस्नी कळावं कोण आलं. वाढणारी बाई वरनं टाकायची, खाली पडली तर उचलायची. मग बाबासाहेबांचं ऐकून बाप दीक्षेला गेला, पांढरं नेसून आला, आणि देव्हाऱ्यातले टाक टोपलीत भरले. तीच टोपली, भाकरीची. नदीला नेऊन सोडली, टोपलीसकट. काठी मात्र माझ्या आईनं घेतली. घुंगरू काढून फेकलं आणि काठी चुलीत घातली, तिच्यावर भात शिजवला. त्यो भात आम्ही समद्यांनी खाल्ला. लई गोड लागला.

मुलीने विचारले, “घुंगरू कुठं फेकलं?” आई हसली. “म्यां हुडकून घेतलं हुतं की. गुपचूप. खेळाया.” आणि लुगड्यांच्या पेटीच्या तळातून एका फडक्यात बांधलेले एक पितळेचे घुंगरू काढून तिने पोरीच्या हातावर ठेवले. आम्ही इतकी वर्षे एका खोलीत राहिलो, आम्हाला माहीत नव्हते.

आई आता नाही. काका निवृत्त झाल्यावर मुलाकडे इस्रायलला गेले. तिकडे गेलेल्यांनी ‘मायबोली’ नावाचे मराठी त्रैमासिक काढले आहे, त्याचा एक अंक त्यांनी आम्हाला पाठवला होता. १४ ऑक्टोबरची रात्र आमच्या घरात अजून होते. लोड आता आमच्या पाठीला असतो, आणि ‘तुमची जयंती’ म्हणणारे आमचे चिरंजीव उशिरा का होईना, येऊन बसतात. मागच्या वर्षी त्यांच्या धाकटीने घुंगरू हातात धरून विचारले, हे मांजराचे आहे का? आम्ही सांगायला सुरुवात केली, तर तिचा बाप मध्येच म्हणाला, “थांबा, मी सांगतो. आपल्या पणजोबांच्या काठीला…”

वेळ संपल्याची चिठ्ठी आली आहे.  जयभीम! नमो बुद्धाय!